कचऱ्याचा हिशेब व्यापाऱ्याच्या वहीत कधी येणार?

आपल्या बाजारपेठांतील व्यापारी हिशेबात कच्चा नसतो. गाळ्याचे भाडे, नोकरांचा पगार, हमाली, वाहतूक, व्याज, उधारीत बुडालेली रक्कम, एवढेच काय पण वर्षभरात दिलेल्या वर्गण्या, या साऱ्यांची नोंद त्याच्या वहीत असते. परंतु दुकानासमोर साचलेली घाण पाहून परत फिरलेले गिऱ्हाईक, हिवतापाने किंवा डेंग्यूने आठ-आठ दिवस घरी पडून राहिलेला कारागीर, गटार तुंबल्यामुळे गोदामात भिजलेला माल, यांचे खाते मात्र कोणी उघडत नाही. हा खर्च नशिबाच्या नावे टाकला जातो. शहरातील स्वच्छता, हवा, पाणी हे विषय निघाले की "ते समाजसेवकांचे काम, आपण धंदा बघावा" असे म्हणून बहुतेक मंडळी मोकळी होतात. ही समजूत चुकीची तर आहेच, शिवाय ती फार महाग पडणारी आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

किती महाग, हे पाहायचे असेल तर सुरतेकडे पाहावे. कापड आणि हिऱ्यांच्या धंद्यावर उभ्या असलेल्या या शहरात खानदेशातून पोटापाण्यासाठी गेलेले मराठी कामगारही मोठ्या संख्येने राहतात. १९९४ च्या सप्टेंबरमध्ये तेथे प्लेगची साथ आली. त्याआधीच्या पावसात शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला होता आणि मागे राहिलेली घाण वेळेवर उचलली गेली नव्हती. साथीत दगावलेल्यांचा अधिकृत आकडा साठच्या आतच होता. परंतु काही दिवसांत लाखो माणसे शहर सोडून निघून गेली. माग थांबले, हिरे घासण्याचे कारखाने बंद पडले. आखाती देशांसह अनेक देशांनी भारताशी असलेली विमानसेवा स्थगित केली, काहींनी आपला खाद्यमाल घेणे नाकारले. देशाचे एकूण नुकसान दीड अब्ज डॉलरहून अधिक झाले असा अंदाज पुढे मांडण्यात आला. ज्या कचऱ्याची वर्षानुवर्षे कोणी पर्वा केली नव्हती, त्याने एका महिन्यात वसुली केली आणि ती थेट व्यापाऱ्याच्या गल्ल्यातून केली.

याच सुरतेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १९९५ च्या मे महिन्यात एस. आर. राव हे महापालिका आयुक्त म्हणून आले. त्यांनी शहराचे सहा विभाग करून प्रत्येक विभागाच्या अधिकाऱ्याला अधिकार दिले आणि जबाबदारीही दिली. सकाळी अधिकारी कार्यालयात न बसता रस्त्यावर उतरू लागले. मुख्य रस्ते रात्री झाडले जाऊ लागले, उपाहारगृहांची तपासणी सुरू झाली, घाण करणाऱ्यास दंड होऊ लागला आणि अतिक्रमणे हटवताना मालक कोण आहे हे पाहिले गेले नाही. दोन वर्षांच्या आत सुरत हे चंदीगडच्या खालोखाल देशातील दुसरे स्वच्छ शहर ठरले. सुरुवातीला कुरकुर करणाऱ्या व्यापाऱ्यांना पुढे या बदलाचा अभिमान वाटू लागला, कारण त्याचा फायदा त्यांच्याच पेढीवर दिसू लागला होता.

येथे कोणी म्हणेल की मग एक चांगला अधिकारी मिळाला की काम झाले, लोकांनी खटाटोप कशाला करायचा? आम्हाला हे मान्य नाही. अधिकारी बदलून जातो, शहर तेथेच राहते. जेथे नागरिक जागे असतात तेथेच सुधारणा टिकते. आणि जेथे नागरिक जागे होतात परंतु व्यापारी त्यांच्यासोबत नसतो, तेथे निर्णय व्यापाऱ्याला न विचारताच होतो. याची दोन उदाहरणे महाराष्ट्रातच घडली आहेत.

पहिले मुंबईचे. देवनारचे डम्पिंग ग्राउंड १९२७ पासूनचे. जानेवारी २०१६ मध्ये तेथे मोठी आग लागली, धूर कित्येक दिवस शहरभर पसरला आणि आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. कचऱ्याची विल्हेवाट नियमाप्रमाणे लावली जात नाही म्हणून नागरिक आधीपासूनच न्यायालयात गेले होते. २९ फेब्रुवारी २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले की कचऱ्याची व्यवस्था लागेपर्यंत मुंबईत नव्या बांधकामांना परवानगी देऊ नये. पुनर्विकासासारखे काही अपवाद सोडले तर ही मनाई मार्च २०१८ पर्यंत राहिली. तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने ती तात्पुरती उठवली. आता विचार करावा की बांधकाम अडले म्हणजे केवळ बिल्डर अडला काय? सिमेंट, सळई, लाद्या, नळ, रंग आणि विजेचे सामान विकणारा दुकानदार, सुतार, गवंडी, ट्रकवाला, हे सारे त्याच साखळीत आहेत. कचऱ्याचा आणि आपल्या धंद्याचा संबंध काय, असे विचारणाऱ्यांनी ही दोन वर्षे लक्षात ठेवावीत.

दुसरे पुण्याचे. शहराचा कचरा उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांच्या हद्दीत टाकला जात असे. विहिरींचे पाणी नासले, दुर्गंधीने जगणे अवघड झाले, म्हणून तेथील गावकऱ्यांनी वारंवार आंदोलने केली. २०१७ च्या एप्रिलमध्ये डेपोला आग लागल्यानंतर त्यांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या आणि सुमारे तीन आठवडे पुण्याच्या पेठांत कचरा साचत राहिला. गावकऱ्यांना दोष देता येणार नाही. शहराने आपली घाण दुसऱ्याच्या दारात टाकावी आणि दुसऱ्याने ती निमूटपणे सोसावी, हा न्याय कोणत्या बाजारात चालतो?

परंतु याच पुण्याने एक मार्गही दाखवला आहे आणि तो आमच्या वाचकांनी बारकाईने पाहावा असा आहे. १९९३ साली तेथे कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली. डॉ. बाबा आढाव यांचे मार्गदर्शन तिला लाभले. पहाटेपासून उकिरडे धुंडाळणाऱ्या, बहुतांशी दलित असलेल्या या स्त्रियांनी भीक मागितली नाही. आम्ही शहराचे काम करतो, आमची नोंद घ्या, एवढेच त्यांचे म्हणणे होते. नव्वदच्या दशकातच महापालिकेने त्यांच्या ओळखपत्रांना मान्यता दिली. पुढे याच चळवळीतून 'स्वच्छ' ही कचरावेचकांची स्वतःच्या मालकीची सहकारी संस्था निघाली आणि २००८ साली तिचा महापालिकेशी करार झाला. सभासद घरोघर जाऊन कचरा घेतात, ओला-सुका वेगळा करतात, घरमालकाकडून ठरलेले सेवाशुल्क घेतात आणि सुक्या कचऱ्यातून निघालेले भंगार विकतात. म्हणजे हा दानधर्म नव्हे. हा सेवा आणि मालाचा सरळ व्यवहार आहे, ज्यात शहराचा वाहतूक खर्च वाचतो, कारखान्याला कच्चा माल मिळतो आणि कष्टकऱ्याच्या घरात चूल पेटते.

हा विषय या पानावर घेण्याचे आमचे खास कारण येथेच आहे. भंगाराच्या धंद्यात आपले बांधव मोठ्या प्रमाणावर आहेत. रद्दी, पुठ्ठा, प्लॅस्टिक, पत्रा, तांबे, काच, यांचा प्रवास वेचकाकडून फेरीवाल्याकडे, तेथून मोहल्ल्यातील छोट्या भंगारवाल्याकडे, मग ठोक व्यापाऱ्याकडे आणि शेवटी कारखान्यात होतो. धारावी, कुर्ला, गोवंडी येथे हजारो कुटुंबे यावर जगतात. शहर स्वच्छ ठेवण्यात या साखळीचा जो वाटा आहे तो कोणत्याही सरकारी अहवालातील वाक्यापेक्षा मोठा आहे. तरीही समाजात या धंद्याला मान नाही, बँक कर्ज देताना हात आखडते आणि पालिकेची गाडी आली की सर्वांत आधी भंगारवाल्याचे दुकान उचलले जाते.

असे का होते? एक कारण म्हणजे धोरण आखणाऱ्यांची दृष्टी. कचरा किती टन वाहिला यावर ठेकेदाराला पैसे मिळत असतील तर कचरा कमी करण्यात किंवा वेगळा करण्यात त्याला रस कसा असणार? त्याचा फायदा वजनात आहे. भंगारवाल्याचा फायदा निवडण्यात आहे. शहराचे हित दुसऱ्या बाजूला आहे, पैसा मात्र पहिल्या बाजूला जातो. २०१६ च्या घनकचरा नियमांनी कचरावेचकांच्या संघटनांना व्यवस्थेत सामावून घ्या असे सांगितले. परंतु जो संघटित आहे त्यालाच सामावून घेता येते. विखुरलेल्याचा वाटा ठेकेदार घेऊन जातो.

दुसरे कारण आपल्या बाजूचे आहे आणि ते सांगितल्याशिवाय आमचे म्हणणे प्रामाणिक ठरणार नाही. तांबे काढण्यासाठी वायरी उघड्यावर जाळणे, रसायनाचे डबे धुऊन पाणी गटारात सोडणे, फूटपाथ अडवून माल रचणे, वेचकाला वजनात मारणे, हे प्रकार या धंद्यात चालतात. त्या धुराने सर्वांत आधी आपल्याच मोहल्ल्यातील मुले खोकतात. शेजारी मग भंगारवाल्याला शहराचा मित्र का समजतील? नागरिक आणि भंगारवाला एकमेकांविरुद्ध तक्रारी करत राहतात आणि दोघांच्या भांडणात मोठ्या ठेक्याचा कागद शांतपणे मंजूर होतो.

गोवंडीचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. एका बाजूला देवनारचा डोंगर, दुसऱ्या बाजूला मुंबईच्या रुग्णालयांतील कचरा जाळणारी भट्टी, आणि मध्ये दाट वस्ती. मुंबईच्या २००९ च्या मानव विकास अहवालात हाच एम-पूर्व विभाग सर्वांत तळाला होता. तेथील रहिवाशांच्या संस्थेने उच्च न्यायालयात जनहित याचिका केली आणि सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने ही भट्टी शहराबाहेर हलवण्यासाठी दोन वर्षांची मुदत दिली. गरीब वस्तीतील सामान्य माणसे एवढे करू शकतात तर बाजारपेठेतील संपन्न मंडळींनी हात बांधून बसावे काय? १९९७ पासून मुंबई महापालिकेने प्रगत परिसर व्यवस्थापन ही योजना चालवली, ज्यात गल्लीतील रहिवासी समिती करून स्वच्छतेवर देखरेख ठेवतात. ती मुख्यतः मध्यमवर्गीय वस्त्यांत रुजली. आपल्या बाजारांनी आणि मोहल्ल्यांनी अशी समिती करण्यास कोणाची बंदी आहे?

आमच्या सूचना साध्या आहेत. प्रत्येक बाजारातील व्यापारी संघाने वर्गणीचा एक ठराविक भाग स्वच्छतेसाठी राखून ठेवावा आणि वॉर्ड कार्यालयात महिन्यातून एकदा आपला प्रतिनिधी पाठवावा. भाजी, फळे आणि मटणाच्या बाजारांनी ओला कचरा वेगळा ठेवण्याची सक्ती स्वतःवर घालून घ्यावी. २०१८ साली राज्यात प्लॅस्टिकबंदी आली, पहिल्याच गुन्ह्यास पाच हजार रुपये दंड ठरला, तेव्हा दुकानदारांची धांदल उडाली. कापडी किंवा कागदी पिशवीची सवय आधीच लावली असती तर ती वेळ आली नसती. भंगार व्यापाऱ्यांनी संघटना नोंदवावी, वायर जाळणाऱ्या सभासदाचा माल घेणे बंद करावे, दुकानात भावफलक लावावा आणि वेचकाला खरे वजन द्यावे. एवढे केल्यावर पालिकेसमोर उभे राहून जागा, परवाना आणि ठेक्यातील वाटा मागण्याचा हक्क त्यांना कोणी नाकारू शकणार नाही.

काही जण म्हणतील की आधीच मंदी आहे, त्यात हा नवा खर्च कोठून काढायचा? आमचे उत्तर असे की हा खर्च नवा नाही. औषधाच्या बिलात, बुडालेल्या दिवसांत, फिरलेल्या गिऱ्हाइकात तो आजही भरला जात आहे. फरक एवढाच की तो वहीत लिहिलेला नाही. शहाण्या व्यापाऱ्याने प्रथम तो लिहून काढावा. एका महिन्याचा आकडा समोर आला की पुढच्या सभेत वर्गणी मागण्यासाठी दुसऱ्या कोणाच्या भाषणाची गरज पडणार नाही.