सत्तर मार्कांची वेस



"नियम सगळ्यांना सारखाच" असं कुणी छातीवर हात ठेवून सांगायला लागलं की मी त्या हाताखालचा खिसा बघतो. आज अमेरिकेतल्या टेक्सास राज्याचा एक असाच सारखा नियम उलटापालटा करून बघू.

टेक्सासात शाळेचा फुटबॉल म्हणजे जत्रा. शुक्रवारी रात्री अख्खं गाव मैदानावर लोटतं. १९८४ साली तिथल्या विधिमंडळानं कायदा केला, 'पास नाही तर खेळ नाही'. दर सहा आठवड्यांनी मार्क लागणार. एका विषयात जरी ७० च्या खाली आला, तर पोरगा पुढचे सहा आठवडे मैदानाबाहेर. १९९५ साली सहाचे तीन आठवडे केले, पण कायदा अजून उभा आहे. त्याची शिफारस करणाऱ्या समितीचा प्रमुख होता रॉस पेरो, काँप्युटरच्या धंद्यातला बडा धनवान.

आमच्या अभ्यासवर्गात हा विषय निघाला तेव्हा एक दोस्त म्हणाला, "यात वाईट काय? आपण तरी दुसरं काय सांगतो? शिका, असंच ना? चेंडूमागं धावून पोरं आयुष्याचं मातेरं करतात. त्यांना पुस्तकाकडं वळवलं तर बिघडलं कुठं?"

हा प्रश्न झटकून टाकता येत नाही. खुद्द काळ्यांच्यातच त्यावर दोन तट पडले होते. तिथल्या कॉलेजांच्या क्रीडा संघटनेनं १९८३ साली ४८ नंबरचा ठराव केला, तो १९८६ पासून लागू झाला. शाळेतल्या ११ मुख्य विषयांत ठरलेली सरासरी आणि एसएटी परीक्षेत ७०० मार्क, नाहीतर कॉलेजातलं पहिलं वर्ष खेळायचं नाही. १९८९ च्या जानेवारीत ४२ नंबरच्या ठरावानं अशा पोरांची शिष्यवृत्तीही कापायचं ठरलं. विंबल्डन जिंकणारा पहिला काळा पुरुष आर्थर अ‍ॅश या कडक नियमाच्या बाजूनं उभा राहिला. काळ्या पोरांकडून कमी अपेक्षा धरणं हेच त्यांचं नुकसान, असं त्याचं म्हणणं. उलट जॉर्जटाऊनचा काळा कोच जॉन थॉम्पसन १४ जानेवारी १९८९ ला सामना सुरू होताना निषेध म्हणून मैदान सोडून चालता झाला. परीक्षेची ती अट शेवटी २०२३ च्या जानेवारीत संघटनेनं स्वतःच काढून टाकली. मधल्या वर्षांत ज्यांची दारं बंद झाली, त्यांचा हिशेब कुणी मांडायचा?

अ‍ॅशची तळमळ खरी होती. दोस्ताचीही खरी आहे. पण माझा सवाल वेगळा आहे. 'शिका' हे पोराला सांगितलं. 'शिकवा' हे कुणाला सांगितलं?

सॅन अँटोनियो शहरात एजवूड आणि अलामो हाइट्स असे दोन शाळा-जिल्हे आहेत. एजवूडमध्ये मेक्सिकन वंशाची गरीब वस्ती, अलामो हाइट्समध्ये बंगलेवाले. तिथं शाळेचा बराच पैसा त्या त्या हद्दीतल्या घरादारावरच्या करातून येतो. टेक्सासच्या सुप्रीम कोर्टाच्या १९८९ च्या निकालात आकडा आहे. दर विद्यार्थ्यामागं करपात्र मालमत्ता एजवूडमध्ये ३८,८५४ डॉलर, अलामो हाइट्समध्ये ५,७०,१०९. शहर एक, कायदा एक आणि ७० मार्कांची वेसही एक.

एजवूडचे आईबाप आधीच कोर्टात गेले होते. डेमेट्रिओ रॉड्रिग्ज हा त्यातला एक बाप. १९७३ साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं की शिक्षण हा त्यांच्या राज्यघटनेतला मूलभूत हक्क नव्हे. मग १९८५ साली 'पास नाही तर खेळ नाही' वर खटला झाला, तेव्हा टेक्सासच्या कोर्टानं सांगितलं की शाळेकडून खेळणं हाही मूलभूत हक्क नव्हे. म्हणजे शिकणं हक्काचं नाही, खेळणं हक्काचं नाही. नापास होणं तेवढं पोराच्या हक्काचं!

कुणी म्हणेल, त्याच १९८४ च्या कायद्यात गरीब शाळांना जादा पैसा होता, खालच्या वर्गांत २२ च्या वर पोरं नकोत असंही होतं. होतं, कबूल. तरीही पाच वर्षांनी त्याच राज्याच्या कोर्टानं एकमतानं सांगितलं की शाळांना पैसा देण्याची ही सगळी पद्धतच घटनाबाह्य आहे. त्या पाच वर्षांत पोरांची झडती दर सहा आठवड्यांनी चालूच होती. व्यवस्था नापास ठरली, पण तिला कुणी एक शुक्रवारही घरी बसवलं नाही.

सवलतीचं कलमही वाचा. 'ऑनर्स'च्या वरच्या वर्गात नापास झालं तर सूट देता येते. त्या वर्गात बहुतेक कुणाची पोरं बसतात, हे मी सांगायला पाहिजे काय?

आता पटावरच्या नावाचे नियम. पोरानं आईबाप राहतात त्या हद्दीतल्या शाळेकडूनच खेळायचं. खेळासाठी शाळा बदलली असं ठरलं तर मुख्य संघातून वर्षभर बाहेर. कोच लोकांनी पोरं पळवू नयेत म्हणून हा नियम, असं सांगतात. पळवापळवी होतेही. पण दोन्ही नियम एकमेकांवर ठेवून बघा. खेळायचं असेल तर गरिबांच्या शाळेतच राहा. तिथं धड शिकवलं नाही आणि नापास झालास, तर खेळू नको. आणि मैदानापायीच जो शाळेत येत होता, तो उद्या वर्गात तरी कशाला येईल?

या लीगचा जुना पात्रता-नियम तर कातडीचा होता. टेक्सासच्या शालेय स्पर्धा चालवणारी युनिव्हर्सिटी इंटरस्कोलॅस्टिक लीग गोऱ्या शाळांपुरती होती. काळ्या शाळांनी १९२० पासून प्रेअरी व्ह्यू कॉलेजच्या आधारानं स्वतःची लीग चालवली. १९६७ पासून त्या शाळा मोठ्या लीगमध्ये आल्या आणि १९७० साली त्यांची लीग संपली. कातडीची वेस पडली, तिथं चौदा वर्षांत मार्कांची वेस उभी राहिली.

वेस पाडता येते, हेही टेक्सासनंच दाखवलं. क्रिस्टल सिटी गावच्या हायस्कुलात बहुतेक पोरं मेक्सिकन वंशाची, सत्ता गोऱ्यांची. १९६९ साली माजी विद्यार्थ्यांच्या संघानं ठरवलं की फुटबॉल सामन्याची 'राणी' व्हायचं तर मुलीच्या आईबापांपैकी एक तरी त्याच शाळेतून पास झालेला पाहिजे. शेतात राबलेल्या बापाकडं दाखला कुठला? नियम सारखा, अपात्रता वारशानं! डिसेंबरात सेव्हेरिटा लारा या विद्यार्थिनीच्या पुढारपणाखाली पोरं वर्गाबाहेर पडली. जानेवारी १९७० मध्ये शाळा-मंडळ नमलं, एप्रिलच्या निवडणुकीत मंडळच त्यांच्या माणसांच्या हातात आलं. पोरांनी नुसती सवलत मागितली नाही, नियम करणारी खुर्चीच घेतली.

म्हणून माझ्या दोस्ताला मी एवढंच म्हणालो. पोरगं नापास झालं तर आधी त्याला शिकवणी द्या. कुणी, किती तास, कोणत्या पुस्तकातून शिकवलं ते कागदावर दाखवा. तो कागद कोरा निघाला तर मुख्याध्यापकाला आणि शाळा-मंडळाला सहा आठवडे घरी बसवा. पोराला खेळू द्या.