एक नंबरला उभे राहा

मी बी.कॉम. आहे. या पदवीचा संसारात काडीचा उपयोग नाही, असे आमच्या सौ.चे मत आहे. पण एक गोष्ट त्या अभ्यासाने अंगात मुरवली. एका नंबराचे खाते एकच. दोन गिऱ्हाइकांना चुकून एकच खाते नंबर दिला, तर त्या दिवशी आमच्या शाखेत जे होईल ते पाहायला मॅनेजर जागेवर सापडणार नाही. आणि नेमके हेच पाप दादर स्टेशनात वर्षानुवर्षे सुखेनैव चालू होते. तिथे एक नंबरचे फलाट दोन! एक पश्चिम रेल्वेचा, एक मध्य रेल्वेचा. तीन, चार, पाच यांचीही तीच तऱ्हा.

आमचे सोलापूरचे मामा एकदा या जुळ्यांच्या तावडीत सापडले. दोष माझाच. मी फोनवर एवढेच सांगितले होते, "मामा, दादरला उतरलात की एक नंबरला उभे राहा." मामा शिस्तीचे. ते उभे राहिले. मीही उभा राहिलो. पाऊण तासाने फोन आला.

"अरे, आहेस कुठे तू?"

"एक नंबरला."

"मीही एक नंबरलाच आहे. मग दिसत कसा नाहीस?"

"मामा, फुलांचा वास येतोय का?"

"फुलांचा नाही बुवा. बटाटेवड्याचा येतोय."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी फुलबाजाराकडच्या, म्हणजे पश्चिमेच्या एकवर होतो आणि मामा मध्यच्या एकवर. दोघेही बरोबर होतो, म्हणूनच भेट होत नव्हती.

घरी आल्यावर मामांनी विचारले, "पण असं का?" मग मी इतिहास सांगितला. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सोडणारी जी.आय.पी. ही एक कंपनी आणि पुढे गुजरातेतून मुंबईत उतरलेली बी.बी.सी.आय. ही दुसरी. मालक वेगळे, रूळ वेगळे, हिशेबाच्या वह्या वेगळ्या. भाऊबंदकीत वाड्याच्या मधोमध भिंत घातली की दोन्हीकडे देवघर होते, दोन्हीकडे तुळशीवृंदावन होते. तसे दोन्हीकडे एक नंबर झाले असतील, तर कंपन्यांना माफ आहे.

पण ५ नोव्हेंबर १९५१ रोजी मध्य आणि पश्चिम रेल्वे जन्माला आल्या. दोघींचा मालक एकच, भारत सरकार. आणि दादरच्या फलाटांना सलग नंबर मिळाले ते ९ डिसेंबर २०२३ रोजी! पश्चिमेचे एक ते सात जागच्या जागी राहिले, मध्यचे आठ ते चौदा झाले. २०२३ वजा १९५१, बाकी बहात्तर. वजाबाकी मी दोनदा तपासली. भिंत पाडायची नव्हती, रूळ हलवायचे नव्हते. पाट्या बदलायच्या, नकाशे बदलायचे आणि निवेदिकेला चौदापर्यंत मोजायला सांगायचे.

यावर आमच्या डब्यातले एक जाणकार म्हणतात, "एवढ्याशा गोष्टीचा केवढा बाऊ! मुंबईकराला सवयीने सगळं कळतं." माझा झगडा आहे तो या वाक्याशी. सवय ही सोय नव्हे. सवयीने माणूस दारात लोंबकळतो, चौथ्या सीटवर अर्ध्या मांडीने बसतो, पावसाळ्यात रुळांवरून चालत घर गाठतो. त्याला सवय झाली की रेल्वे ती सोय म्हणून जमेच्या बाजूला मांडते. आम्ही बँकेत असे केले, तर ऑडिटर नोकरी घेईल.

आणि सवयीचा हिशेब कधीतरी चुकता करावा लागतो. दादरच्या पुढच्याच स्टेशनावर, एल्फिन्स्टन रोड आणि परळ यांच्यातल्या अरुंद पुलाचा जिना रोजच गच्च भरे. लोकांना सवय होती. २९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी अचानक पाऊस आला, माणसे आडोशाला जिन्यावर थांबली, मागून गाड्यांची गर्दी येतच राहिली. २३ माणसे गेली. ऑफिसला निघालेली, माझ्यासारखी डबा घेतलेली माणसे. मग लष्कराला बोलावून पूल बांधला आणि २०१८ च्या फेब्रुवारीत तो खुला झाला. म्हणजे काही महिन्यांत पूल होऊ शकतो! त्याच वर्षी जुलैत स्टेशनाचे नावही प्रभादेवी झाले. नावाबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार एवढीच, की आधी २३ नावे कमी झाली आणि मग सगळे सुचले.

मामा परवा पुन्हा आले. मी बजावून सांगितले होते, "आठ नंबरला उभे राहा." या खेपेला भेट झाली. मामांनी पाटी वाचली.

"हा पूर्वीचा एकच ना रे? बढती मिळालेली दिसते."

"हो मामा, बहात्तर वर्षांच्या नोकरीनंतर."

मग मी त्यांना सांगितले, की दादर या शब्दाचा अर्थच मुळी जिना. मामांनी वर नजर टाकली. पुलावरून माणसांचा लोंढा खाली येत होता आणि तेवढाच लोंढा वर जात होता. त्यांनी पिशवी छातीशी धरली.

"अर्थ कळला," ते म्हणाले. "आता चढायचं कसं, तेवढं सांग."