मोटारीतील अँप्लिफायर आणि तांब्याची तार

व्यापारी मंडळाच्या स्मरणिकेत मोटारीतील गाण्याच्या यंत्राची चर्चा कशासाठी, असे काही वडीलधाऱ्या सभासदांस वाटण्याचा संभव आहे. परंतु बेळगाव-निपाणीपासून गोव्यापर्यंत आपल्या समाजातील दुकानांतून विजेचे व मोटारीचे सामान विकले जाते आणि ते घेणारेही पुष्कळदा आपल्यांतीलच असतात. तेव्हा प्रश्न घरचाच आहे. गाणी ऐकावीत की नाही, हा परिग्रहाचा वाद आम्ही येथे काढीत नाही. चोर्ला घाट उतरताना कोणी स्तवने ऐकतो, कोणी नाट्यगीते. ज्याची त्याची आवड.

मोटारीची बॅटरी अवघी 12 व्होल्टची. हात लावला तरी झटका बसत नाही. त्यामुळे ती निरुपद्रवी आहे असा गैरसमज सर्वत्र आढळतो. वस्तुतः येथील धोका प्रवाहाचा आहे. घरातील 100 वॉटचा दिवा 230 व्होल्टवर अर्ध्या अँपिअरहूनही कमी प्रवाह घेतो. उलट 500 वॉट देणारा नव्या पद्धतीचा अँप्लिफायर पूर्ण जोराने चालला म्हणजे सुमारे 45 अँपिअर ओढतो, आणि जुन्या घडणीचा असेल तर 70 च्याही पुढे जातो. तार कोठे उघडी पडून पत्र्यास टेकली, तर बॅटरी एका क्षणात शेकडो अँपिअर सोडते व तार लाल होऊन तिचे आवरण पेट घेते.

म्हणून फ्यूज बॅटरीपासून 45 सेंटिमीटरच्या आतच असला पाहिजे, याविषयी आम्ही कोणतीही सवलत मान्य करीत नाही. ‘अँप्लिफायरला स्वतःचा फ्यूज आहेच’ असे उत्तर कारागीर देतात. तो फ्यूज यंत्राचे रक्षण करतो. बोनेटपासून डिकीपर्यंत गेलेली चार-पाच मीटर तार त्याच्या संरक्षणाबाहेरच राहते. तीच तार पत्र्याच्या छिद्रातून रबरी बुशाशिवाय ओढलेली असली, की गाडीच्या हादऱ्यांनी आवरण घासण्याचे काम रोज थोडे थोडे चालू असते. फ्यूजही तारेस झेपेल तेवढ्याच अँपिअरचा हवा. तो वारंवार जातो म्हणून मोठा बसविणे म्हणजे चोर येतो म्हणून कुलूपच काढून ठेवणे होय.

काम आरंभिताना बॅटरीचे ऋण टोक प्रथम सोडावे व अखेरीस जोडावे, कारण ते जोडलेले असता धन टोकावरील पाना पत्र्यास लागला तर ठिणगी पडते. अर्थिंगची तार मुख्य तारेइतकीच जाड व होईल तितकी आखूड असावी आणि रंग खरवडून उघड्या पत्र्यावर बोल्टने आवळावी. सीटबेल्टचा बोल्ट मात्र त्या कामी वापरू नये. छिद्र पाडण्यापूर्वी खाली पेट्रोलची टाकी किंवा नळी नाही ना, हे वाकून पाहावे. वाकण्याचा कंटाळा महाग पडतो.

आता तारेकडे वळू, कारण आमचा खरा रोख तिच्यावरच आहे. पाच मीटर लांब व 8 चौरस मिलिमीटर छेदाच्या शुद्ध तांब्याच्या तारेतून 45 अँपिअर गेले, तर जवळजवळ अर्धा व्होल्ट वाटेतच खर्ची पडतो व वीसेक वॉट उष्णता तारेतच उत्पन्न होते. 20 चौरस मिलिमीटरची तार वापरल्यास हाच खर्च व्होल्टच्या पाचव्या हिश्शावर येतो. बाजारात मात्र वर तांब्याचा पातळ मुलामा आणि आत अॅल्युमिनियम अशी तार सर्रास विकली जाते. तिचा रोध तांब्याच्या सुमारे दीडपट. आणि कित्येक वेळा जाड आवरणाखाली धातूच कमी असतो. ग्राहकास बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात.

आपल्या शास्त्रकारांनी अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत हीनाधिकमानोन्मान व प्रतिरूपकव्यवहार हे दोन मोजले आहेत. कमी मापाने देणे हा एक, आणि खऱ्या मालाच्या नावाखाली तत्सदृश दुसरा माल खपविणे हा दुसरा. आठ गेजच्या छापाखाली कमी धातू देणे आणि अॅल्युमिनियमला तांबे म्हणणे यांस याहून नेमकी नावे आम्हांस सुचत नाहीत. ‘गिऱ्हाईकच स्वस्त मागते’ हे समर्थन आम्ही अनेकदा ऐकले आहे. मुलाम्याची तार विकू नये असे आमचे म्हणणे नाही. ती अधिक जाडीची घेतली व फ्यूज तिच्या बेताचा लावला तर चालते. परंतु तसे सांगून विकावी.

परीक्षा अवघड नाही. एक तंतू चाकूने खरवडला की आतला पांढरेपणा दिसतो. आवरण काढलेली तार तराजूत घातली तर त्याच जाडीचे व लांबीचे तांबे तिच्या अडीचपटीहून अधिक भरते. तराजू तर आपल्या घरचाच! यंत्रावरील आकड्यांचाही असाच जमाखर्च मांडावा. ज्याचा फ्यूज 30 अँपिअरचा, त्यास इंजिन चालू असता 13.8 व्होल्टच्या हिशेबाने 414 वॉटच मिळतात. त्याच्या खोक्यावर ‘1000 वॉट’ छापलेले असले, तर आवकेपेक्षा जावक मोठी असलेली ही कोणती वही?

‘गेन’च्या खिट्टीविषयी थोडे. ती आवाज वाढविण्यासाठी नसून रेडिओच्या संकेताशी अँप्लिफायरचा मेळ घालण्यासाठी असते. रेडिओचा आवाज तीन-चतुर्थांश ठेवून खिट्टी किमानापासून हळूहळू वाढवावी, आणि सूर फाटू लागताच किंचित मागे आणून सोडून द्यावी. फाटलेल्या आवाजानेच ट्वीटर अधिक जळतात, हे तरुण मंडळींस पटविणे कठीण जाते.

आमची मंडळास सूचना एवढीच की, या व्यवसायातील सभासदांनी प्रत्येक बिलावर तारेचा धातू, तिचा छेद चौरस मिलिमीटरमध्ये व फ्यूजचे अँपिअर लिहून द्यावेत, आणि येत्या वार्षिक सभेत तसा ठराव मांडला जावा. बिलावरील एका जादा ओळीस शाई ती किती लागणार!