पानथरी काढण्याआधी रक्ताची काच

घनसावंगी तालुक्यातल्या जांब समर्थसारख्या गावात मोसंबीच्या बागेची राखण करत म्हातारा झालेला कुत्रा एके दिवशी भाकरीला तोंड लावत नाही. हिरड्या फिक्या, पोट जड. सोनोग्राफीत पानथरी वाढलेली किंवा तिच्यात गाठ दिसते आणि आपणा पशुवैद्यांच्या तोंडून निघून जाते, ‘वय झालंय, कॅन्सर आहे, आता राहू द्या.’ हे वाक्य आपण फार लवकर उच्चारतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

पानथरीच्या गाठींपैकी दोन-तृतीयांश घातक आणि त्यांतल्या दोन-तृतीयांश हिमँजिओसार्कोमा, हे आपण सगळे पाठ करून आलो. पोटात रक्तस्राव झालेल्या कुत्र्यांत घातक गाठींचे प्रमाण खरोखरच मोठे असते. पण २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, न फुटलेली गाठ दुसऱ्याच तपासणीत योगायोगाने सापडलेल्या १०५ कुत्र्यांपैकी सुमारे ७० टक्क्यांच्या गाठी निरुपद्रवी निघाल्या. हिमॅटोमा असो वा गाठाळ हायपरप्लेशिया, पानथरी काढली की तो कुत्रा बरा होतो. सोनोग्राफी गाठ दाखवते, तिची जात सांगत नाही.

मराठवाड्यात आणखी एक गोष्ट आहे, जी परदेशी पाठ्यपुस्तकांत तळटीपेपुरती येते. ती म्हणजे गोचीड. गोचिडांतून पसरणाऱ्या बबेसिया गिब्सोनी आणि एर्लिकिया कॅनिस या दोन्हींत पानथरी सुजते, प्लेटलेट्स घसरतात, रक्त कमी होते. ही सूज बहुधा सगळ्या पानथरीभर सारखी असते, एका जागी गाठ नसते. पण गाठ असलेल्या कुत्र्यालाही गोचीड ताप असू शकतोच. बबेसियाग्रस्त तांबड्या पेशी गाळून काढण्याचे काम पानथरीच करते. आजार अंगात दबलेला असताना तिलाच काढून टाकले, तर परजीवी बेफाम वाढतात. शस्त्रक्रिया उत्तम झाली, टाके सुकले आणि नंतर कुत्रा तापाने गेला, तर दोष वयाला देता येणार नाही.

म्हणून कानाच्या टोकाचे रक्त काचेवर घ्या, जिम्सा किंवा लिशमन रंग द्या, मायक्रोस्कोपखाली पाहा. तालुक्याच्या दवाखान्यातही हे जमते. जुन्या गिब्सोनीत परजीवी इतके विरळ असतात की काच कोरी दिसते; शंका असेल तर पीसीआरला नमुना पाठवा. पोटात रक्त साठत असेल तर मात्र अहवालाची वाट पाहू नका. सलाइन, दात्या कुत्र्याचे रक्त आणि शस्त्रक्रिया, एवढेच तेव्हा महत्त्वाचे. नमुना आधी काढून ठेवला की झाले.

२०१४ साली प्रसिद्ध झालेल्या, गाठीसाठी पानथरी काढलेल्या ५३९ कुत्र्यांच्या नोंदीत शस्त्रक्रियेच्या काळात ७.६ टक्के दगावले. धोका वाढवणाऱ्या तीन गोष्टी पुढे आल्या : आधीचा तीव्र रक्तक्षय, फार घसरलेल्या प्लेटलेट्स आणि शस्त्रक्रियेदरम्यान हृदयाच्या ठोक्यांतली गडबड. यातल्या पहिल्या दोन गोचीड तापाच्याच खुणा आहेत! भूल देताना एसप्रोमाझिन टाळा. त्याने पानथरी रक्ताने फुगते आणि रक्तदाब पडतो. रक्तवाहिन्या शक्यतो पानथरीला लागूनच बांधा, म्हणजे स्वादुपिंडाच्या डाव्या भागाचा रक्तपुरवठा शाबूत राहतो. पीळ पडलेली पानथरी मात्र न सोडवता, आहे तशीच बांधून काढावी. यकृतावर संशयास्पद काही दिसले तर तुकडा घ्या.

नंतरचे पहिले दोन-तीन दिवस ईसीजीकडे डोळे हवेत. तुरळक जास्तीच्या ठोक्यांना औषध लागत नाही. ठोके वेगवान, सलग आणि रक्तदाब पाडणारे असतील तर लिडोकेन, २ मिलिग्रॅम प्रतिकिलो, सावकाश शिरेतून. ही देखरेख गावात शक्य नाही. अशा कुत्र्याला १९७२ पासून चालू असलेल्या परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात किंवा सोय असलेल्या दुसऱ्या रुग्णालयात पाठवताना सोबत हिमॅटोक्रिट, प्लेटलेट्स आणि काचेचा निष्कर्ष लिहून द्या. छातीचा एक्स-रे जवळ होत असेल तर तोही.

काढलेली पानथरी बादलीत टाकण्याची सवय मोडायलाच हवी. पावासारखे काप देऊन ती दहापट फॉर्मेलिनमध्ये ठेवा, गाठीचे आणि कडेचे अनेक तुकडे पाठवा. एकाच तुकड्यावरून हिमँजिओसार्कोमा निसटतो. मालकाला खर्च सांगताना अहवालाचा खर्चही धरूनच सांगा. हिमँजिओसार्कोमा निघालाच, तर आयुष्य नुसत्या शस्त्रक्रियेनंतर साधारण एक ते तीन महिने आणि डॉक्सोरुबिसिनसह चार ते सहा महिने, हे दादांना किंवा काकूंना समोर बसवून, घाई न करता सांगा. काहीजण तेवढ्या महिन्यांसाठीही हो म्हणतील, काहीजण नाही म्हणतील. दोघांचाही मान राखा.

घरी सोडताना कागदावर मराठीत लिहा : दहा ते चौदा दिवस उड्या नाहीत, बागेची राखण नाही, टाक्याला चाटणे नाही. गोचिडाचे औषध मात्र जन्मभर, एकही पाळी न चुकवता. आणि पुढे कधीही ताप आला, लघवी लाल झाली किंवा हिरड्या फिकट दिसल्या तर त्याच दिवशी दवाखाना, आणि पानथरी काढलेली आहे हे आधी सांगायचे.