स्वर्गाचे फुकट तिकीट?

गेल्या महिन्यात जुम्म्याच्या नमाजनंतर मशिदीसमोरच्या टपरीवर आम्ही चार-पाच जण चहा घेत उभे होतो. बोलता बोलता विषय इतर धर्मांवर गेला. एक ओळखीचे गृहस्थ हसत म्हणाले, "ख्रिश्चनांचे बरे आहे, सर. येशूला मानले की सगळे गुनाह माफ. जन्नतचे फुकट तिकीट!" सगळे हसले. मीही हसलो. घरी पोचेपर्यंत मात्र ते हसणे मला टोचू लागले. धडा पूर्ण वाचल्याशिवाय त्याच्यावर मत देऊ नका, असे मी इतकी वर्षे वर्गात मुलांना सांगत आलो आहे. इथे आम्ही कुणीच धडा वाचला नव्हता.

तो धडा काय आहे ते पाहू. पौलाच्या इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात आठव्या आणि नवव्या वचनांत म्हटले आहे की तारण देवाच्या कृपेने आणि विश्वासाद्वारे होते, माणसाच्या कर्मांनी नाही. टीका करणारे इथेच पुस्तक मिटतात. सोयीपुरता धर्म पाळणारे ख्रिस्तीही नेमके इथेच मिटतात. लगेचच्या दहाव्या वचनात पौल सांगतो की सत्कर्मे करण्यासाठीच आपल्याला घडवले आहे. म्हणजे सत्कर्म ही तारणाची किंमत नव्हे, पण तारण झाल्याची खूण नक्कीच आहे.

याकोबाचे पत्र तर याहून कडक आहे. देव एक आहे हे सैतानी आत्मेही मानतात आणि थरथर कापतात, मग तुम्ही नुसते मानून कोणता पराक्रम केला, असा त्याचा सवाल आहे. उघड्या, उपाशी भावाला काही न देता तोंडभर दुवा देऊन वाटेला लावणाऱ्याचा विश्वास तो मेलेला ठरवतो. आपल्याला हे परके वाटू नये. इब्लीसला अल्लाहच्या अस्तित्वाविषयी कधी शंका होती? त्याला सगळे माहीत होते. त्याने फक्त मान झुकवली नाही.

केवळ विश्वासाने तारण, हा मार्टिन ल्युथर यांचा आग्रह होता. याकोबाचे पत्र त्यांना इतके खटकले की 1522 च्या आपल्या जर्मन नव्या कराराच्या प्रस्तावनेत त्यांनी त्याला गवताची उपमा दिली. पण त्याच वर्षी रोमकरांस पत्राच्या प्रस्तावनेत त्यांनीच लिहिले की खरा विश्वास जिवंत असतो, तो चांगले काम केल्याशिवाय राहूच शकत नाही. ज्यांच्या नावावर 'फुकट तिकीट' खपवले जाते, त्यांनाही ते मान्य नव्हते.

चारशे वर्षांनी त्याच ल्युथर यांच्या परंपरेतले पाद्री डीट्रिख बॉनहोफर यांनी 1937 च्या आपल्या पुस्तकात 'स्वस्त कृपा' असा शब्द वापरला. पश्चात्तापाशिवाय माफी, येशूच्या मागे न चालता त्याचे नाव. तेव्हा जर्मनीत चर्च होते, बाप्तिस्मे होत होते आणि त्याच चर्चमधले कित्येक जण हिटलरचा जयजयकार करत होते. बॉनहोफर यांनी विरोध केला आणि 9 एप्रिल 1945 रोजी त्यांना फाशी दिली गेली. ते तिकीट फुकट होते असे कुणी म्हणेल काय?

कुणी विचारेल, मग वधस्तंभावरच्या त्या गुन्हेगाराचे काय? त्याने कोणते सत्कर्म केले? लूकच्या शुभवर्तमानात पाहा. मरता मरता त्याने आपला गुन्हा कबूल केला, येशूची टिंगल करणाऱ्या सोबत्याला अडवले आणि मग दयेची याचना केली. उरलेल्या वेळात जेवढे वळता येते तेवढा तो वळला. आपल्या हदीसमधला नव्व्याण्णव खून केलेला माणूस आठवा. शंभरावा खूनही त्याच्या हातून झाला. तरी तौबा करून तो चांगल्या वस्तीकडे निघाला आणि वाटेतच मेला. त्याला माफी मिळाली, पण तो चालू लागला होता.

आपले आणि ख्रिस्ती लोकांचे मतभेद खरे आहेत, ते मी लपवत नाही. एकाच्या बलिदानाने दुसऱ्याचे पाप फिटते हे आपण मानत नाही. कुरआनप्रमाणे ज्याचे ओझे त्यानेच वाहायचे. या मुद्द्यावर वाद जरूर घाला. पण त्यांच्या शिकवणीचे विडंबन करून त्याच्याशी लढू नका.

आपल्या महाराष्ट्रातल्या पंडिता रमाबाईंचे उदाहरण मला सर्वांत अस्वस्थ करते. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. 1889 मध्ये विधवांसाठी शारदा सदन काढले. धर्म स्वीकारला होता, सेवाही चालू होती. तरी आपल्या आत्मनिवेदनात त्या सांगतात की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांना कळले, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, पण ख्रिस्त सापडला नव्हता. एवढे काम करणारी बाई हा प्रश्न स्वतःला विचारते. शेजाऱ्याला नाही.

आणि आम्ही? "कलमा पढलाय ना, एक दिवस जन्नतमध्ये जाणारच" हे वाक्य आपल्या किती घरांत ऐकू येते! सूरह हुजुरातमध्ये वाळवंटातल्या अरबांना बजावले आहे की आम्ही ईमान आणले असे इतक्यात म्हणू नका, ते अजून तुमच्या काळजात उतरलेले नाही. आपण ती आयत त्या अरबांवर ढकलून मोकळे होतो.

मीही मोकळा झालो होतो. वडिलांच्या इंतकालनंतर माझ्या बहिणीने हक्कसोडपत्रावर सही केली. कुठे करायची ती जागा मीच बोटाने दाखवली. सूरह निसामध्ये तिचा हिस्सा ठरवून दिलेला आहे हे तिने काढले नाही आणि मीही काढले नाही. भावाकडे मागायचे कसे, म्हणून ती गप्प होती. मी का गप्प होतो ते मला ठाऊक आहे. त्या दिवशीची जोहरची नमाज मी जमातीने पढलो.

टपरीवर हसताना यातले काहीच आठवले नाही. फुकट तिकीट ख्रिश्चनांच्या खिशात शोधत होतो, ते माझ्याच खिशात होते.

वकिलांना विचारले आहे. तिच्या हिश्शाचे बक्षीसपत्र करून देता येते. येत्या रविवारी तिच्या घरी जाणार आहे.