८० तासांचं सरकार आणि साडेचार वर्षांचा अबोला

आज राजकारणावर लिहिणार नव्हतो. पण जे लिहितोय त्यात ते येणारच, इलाज नाही. पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा.

माझा एक मित्र होता. 'होता' लिहिताना हात अडखळतो, कारण माणूस हयात आहे, ठणठणीत आहे, चिंचवडला राहतो. नाव लिहीत नाही. त्याला विचारूनच ही पोस्ट लिहितोय. म्हणाला, "नाव टाकू नको, बाकी काय लिहायचं ते लिही."

कराडला आम्ही एका बाकावर शिकलो. १९९२ ला दहावी. पुढची सहा-सात वर्षं संध्याकाळी प्रीतिसंगमावर जायचं हे ठरलेलं. बाहेरच्यांसाठी सांगतो, महाबळेश्वराहून निघालेल्या कृष्णा आणि कोयना आमच्याकडे अगदी समोरासमोर येऊन भेटतात. यशवंतरावांची समाधीही तिथेच. त्या घाटावर बसून दोघांत एक भेळ खायची आणि जगातल्या सगळ्या विषयांवर बोलायचं. राजकारणावर तर रोजच. त्याच्या घरात एक विचार, माझ्या घरात बरोबर उलटा. आवाज चढायचे, एकमेकांची अक्कल काढायचो. पण गाडी एकच होती, त्याच्या वडिलांची एम-एटी. कितीही भांडलो तरी घरी जायला मला त्याच्याच मागे बसावं लागायचं. निम्म्या रस्त्यात दुसरा काहीतरी विषय निघायचा आणि भांडण तिथंच संपायचं.

१९९९ ला तो नोकरीसाठी पुण्याला गेला. मी गावातच राहिलो, आधी डीटीपी आणि मग फ्लेक्सचं दुकान टाकलं. कराड ते पुणे १६० किलोमीटर. सुरुवातीला तो महिन्याला यायचा, मग गणपती-दिवाळीला, मग नुसती दिवाळी. त्यात कुणाचाच दोष नव्हता. तालुक्याच्या गावात पोटाला काम नसलं की मैत्रीचे असेच दोन भाग होतात, एक भाग हायवेला लागतो आणि एक मागे उरतो. तुमच्यापैकी निम्म्यांची हीच गोष्ट असेल.

तरीही धागा होता. २०१४ ला त्याची कंपनी बंद पडली. सहा महिने घरी होता. बायकोशिवाय हे फक्त मला माहीत होतं, आईलासुद्धा त्याने कळू दिलं नव्हतं. घाटावर येऊन बसला आणि सगळं सांगितलं. मी थोडे पैसे दिले, त्याने वर्षभरात परत केले. पुन्हा तो विषय आम्ही दोघांनीही काढला नाही.

आणि मग २३ नोव्हेंबर २०१९ उजाडला. पहाटेचा शपथविधी. अख्खा महाराष्ट्र त्या दिवशी मोबाईलवर होता, मीही होतो. इथेच, फेसबुकवर, एक जहाल पोस्ट टाकली. त्याने खाली विरोधात कमेंट केली. मी उत्तर दिलं, त्याने उत्तर दिलं. लोक जमायला लागले. पंधराव्या-सोळाव्या उत्तराला माझ्याकडचे मुद्दे संपले आणि मी लिहिलं, "ज्याला सहा महिने स्वतःचं घर चालवता आलं नाही, त्याने राज्य कसं चालवायचं ते शिकवू नये."

त्या वाक्याला शंभराच्या वर हसरे चेहरे आले. ते देणाऱ्यांपैकी काही जण आत्ता हे वाचत असतील. तुम्हाला दोष देत नाही, तुम्हाला मागची गोष्ट माहीत नव्हती. मला माहीत होती.

त्याने त्याच्या सगळ्या कमेंट काढून टाकल्या. रात्री शाळेच्या ग्रुपमधून बाहेर पडला. कुणालाही काही बोलला नाही.

ते सरकार ८० तास टिकलं. आमचा अबोला साडेचार वर्षं.

या साडेचार वर्षांत मी काय केलं ते सांगतो, कारण बहुतेक जण हेच करतात. आधी म्हणालो, "येईल फोन, जातोय कुठं." मग म्हणालो, "पुण्याला गेला, मोठा झाला, आता आपली आठवण कशाला येईल." मग स्टेटसला टोमणे टाकायला लागलो. मतलबी मित्र, माणसं ओळखायला शिका, असले फॉरवर्ड. ते त्याने पाहिले का, हे दिवसातून चारदा तपासायचो. त्याच्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत झाली, मला त्याच्या मेहुण्याच्या स्टेटसवरून कळली. दोन रात्री झोप नाही आली. चाळिशी ओलांडलेल्या माणसाला मित्राने वास्तुशांतीला बोलावलं नाही म्हणून झोप येत नाही, हे सांगणार कुणाला?

यातलीच पुढची गोष्ट लिहायला मला आजही जड जातं. २०२१ च्या मे महिन्यात, दुसऱ्या लाटेत, त्याची आई गेली. अंत्यविधीला मोजक्याच लोकांना परवानगी होती, जाणं शक्य नव्हतं हे खरं. पण फोन करणं शक्य होतं. मी शाळेच्या ग्रुपवर 'भावपूर्ण श्रद्धांजली' आणि हात जोडल्याचं चित्र टाकलं. ज्या ग्रुपमध्ये तो नव्हताच, त्या ग्रुपवर! ज्या बाईने मला दहावीच्या वर्षात स्वतःच्या पोराबरोबर रोज रात्री जेवायला वाढलं, तिच्यासाठी.

दरम्यान दुकानात काय चाललं होतं पहा. २०२२ ला एक पक्ष फुटला, २०२३ ला दुसरा. माझ्याकडे सगळ्यांचे फ्लेक्स येतात. जुनी फाईल उघडायची, साहेबांचा फोटो तोच ठेवायचा, मागचा रंग आणि चिन्ह बदलायचं, वरचे नेते बदलायचे, स्क्वेअर फुटावर बिल करायचं. काल एकमेकांचा बाप काढणारी माणसं एका फ्लेक्सवर हात जोडून उभी. ज्यांच्यासाठी मी मित्राचं दुखणं चव्हाट्यावर मांडलं ते सगळे एकमेकांच्या मांडीला मांडी लावून बसले. आणि आम्ही दोघं अजून अबोल्यातच.

एका रात्री बायको म्हणाली, "तुम्ही सगळ्या गावाला विचारता तो का बोलत नाही म्हणून. त्यांना विचारलंत का कधी?"

नव्हतं विचारलं.

जून २०२४ ला, लोकसभेचा निकाल लागून गेल्यावर, फोन केला. "रविवारी येतोय. जेवायला नाही, बोलायला." तो जरा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "ये."

त्याच्या सोसायटीच्या बागेत बाकावर बसलो. मी तयारी करून गेलो होतो, कोण काय बोललं, कोणत्या मुद्द्यावर कोण बरोबर होतं. त्याने हातानेच थांबवलं. म्हणाला, "अरे, पक्षाचं काय घेऊन बसलास. ते मी दुसऱ्या दिवशीच विसरलो. नोकरीची गोष्ट मी तुला सांगितली होती. तुला. फेसबुकला नाही." आणि थोड्या वेळाने, "आई गेली तेव्हा तुझा फोन येईल असं वाटत होतं. चार दिवस वाटलं. मग वाटायचं बंद झालं."

मी माफी मागितली. तो "ठीक आहे" म्हणाला. पिक्चरमध्ये असतं तसं काही झालं नाही. मिठी नाही, रडणं नाही. चहा घेतला आणि मी संध्याकाळची एस.टी. पकडली. आता दिवाळीला त्याचा फोन येतो, वाढदिवसाला मी करतो. मुलांची चौकशी होते. पूर्वीची मैत्री नाही, आणि ती परत येईल अशी आशा मी सोडली आहे. पण रात्री झोप येते.

मी जे बोललो ते चारचौघांत बोललो होतो. म्हणून माफीही आज चारचौघांत मागतोय. इतकी वर्षं तुम्ही मला 'सडेतोड' म्हणत आलात. त्या दिवशीचं ते सडेतोड बोलणं नव्हतं, ती विश्वासाशी केलेली गद्दारी होती.

आता तुमच्यासाठी. सगळ्यांची गोष्ट माझ्यासारखी नसते. कित्येकदा कुणी काहीच केलेलं नसतं, नुसता दुरावा वाढत जातो. माणूस गेला तर दहावा असतो, तेरावा असतो, लोक भेटायला येतात. नवरा-बायको वेगळे झाले तर कोर्ट तरी आहे. मित्र दुरावला तर काहीच नाही. पॉलीन बॉस नावाच्या अमेरिकन अभ्यासक बाईंनी असल्या दुःखावर आयुष्यभर काम केलंय. माणूस जिवंत आहे पण आपल्यापाशी नाही, किंवा समोर आहे पण मनाने गेलेला आहे. त्यांचं म्हणणं असं की हे दुःख जास्त चिवट असतं, कारण ते संपलं असं कुणी सांगतच नाही. मला हे फार पटलं. म्हणून पहिली गोष्ट, वाईट वाटतंय तर वाटू द्या. "एवढं काय त्यात" असं स्वतःला म्हणू नका.

दुसरी, एकदा विचारा. एकदाच, सरळ, एकट्यात. "माझं काही चुकलं का?" एवढं पुरे. मधल्या माणसांना वकील करू नका, स्टेटसवरून निरोप पाठवू नका. उत्तर आलं तर ऐकून घ्या, लगेच खुलासा करू नका. उत्तर नाही आलं तर तेही उत्तरच समजा आणि त्याचं स्टेटस बघणं बंद करा. दार उघडं ठेवा, पण दारात बसून राहू नका. आणि काही माणसं सोडलेलीच बरी असतात. ज्याने तुम्हाला सतत कमी लेखलं त्याच्या मागे जायची गरज नाही.

तिसरी, त्याची जागा भरायला वेळ लागतो हे मान्य करा. कॅन्सस विद्यापीठातले जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये एक अभ्यास मांडला. ओळखीच्या माणसाचा जवळचा मित्र व्हायला सोबत घालवलेले साधारण २०० तास लागतात, असा त्यांचा हिशोब आहे. घाटावर आमचे २०० तास चार-पाच महिन्यांत व्हायचे. आता पन्नाशीला टेकलेल्या माणसाने २०० तास आणायचे कुठून, आणि बसायचं कुठं?

हा प्रश्न मात्र सार्वजनिक आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ च्या अहवालात सांगितलं की जगात दर ६ माणसांमागे १ माणूस एकटेपणाने ग्रासलेला आहे. आपल्याकडे गावात पारावर, तालमीत, वाचनालयात माणसं आपोआप भेटायची, पैसे न मोजता. आता वाचनालयांना अनुदान वेळेवर मिळत नाही आणि बसायचं म्हटलं तर हॉटेलात बिल होतं. नगरपालिकेने चार बाकडी टाकली की त्यावर आधी नगरसेवकाचं नाव येतं. येऊ दे, पण बाकडी टाका. मतं मागायला येणाऱ्यांना गटार-पाण्याबरोबर हेही विचारा.

मी सध्या पुन्हा घाटावर जातो. तिथे आम्ही चार जण जमतो, एक निवृत्त कंडक्टर, एक मेडिकलवाला, एक शिक्षक आणि मी. चौघांची मतं चार. भांडतो, पण मोबाईल खिशात ठेवून. ते त्याच्याइतके जवळचे नाहीत, कदाचित होणारही नाहीत. तरी कंडक्टर परवा आले नाहीत तर आम्ही तिघं त्यांच्या घरी जाऊन आलो.

कमेंटमध्ये आज पक्ष आणू नका, ही विनंती. कोण बरोबर होतं ते ठरवू नका. हे वाचताना एखादं नाव डोक्यात आलं असेल तर कमेंट करायच्या आधी त्याला फोन करा. मेसेज नको, फोनच करा.