सुरकुत्या घालविणारे इंजेक्शन: खर्च पहिल्या सुईवर संपत नाही

लग्नसराई जवळ आली की महानगरांतील त्वचाचिकित्सालयांत एक प्रश्न हमखास विचारला जातो. बोटॉक्सला किती खर्च येतो? उत्तरे मात्र एकमेकांशी जुळत नाहीत. एका ठिकाणी सहा हजार, दुसरीकडे वीस हजार. यातील कोणी फसवीत आहे असे लगेच समजण्याचे कारण नाही. ‘बोटॉक्स’ या शब्दाने औषधाची मात्रा ठरत नाही, आणि पैसे मोजले जातात ते मात्रेचे.

बोटॉक्स हे एका कंपनीच्या उत्पादनाचे नाव. वनस्पती तुपाला सर्रास डालडा म्हटले गेले, तसाच हा प्रकार आहे. मूळ द्रव्य क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जीवाणूपासून मिळणारे विष होय. अत्यल्प प्रमाणात टोचल्यास ते मज्जातंतूकडून स्नायूला जाणारा संदेश अडविते, स्नायू शिथिल होतो आणि त्यावरील त्वचेची घडी सैल पडते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९८९ साली तिरळेपणा व पापण्यांच्या आकड्यांवर त्याचा वापर मान्य केला. कॅनडातील नेत्रतज्ज्ञ जीन कॅरुथर्स व त्यांचे पती, त्वचारोगतज्ज्ञ अॅलिस्टर कॅरुथर्स यांनी त्याचा सौंदर्योपचारातील उपयोग पुढे आणला. भुवयांमधील आठ्यांसाठी अमेरिकेत अधिकृत मान्यता मिळाली ती २००२ मध्ये.

भुवयांमधील आठ्यांना २० युनिट, कपाळाला २० आणि दोन्ही डोळ्यांच्या कडांना मिळून २४ युनिट, अशी मात्रा उत्पादकाच्या माहितीपत्रकात दिली आहे. प्रत्यक्षात डॉक्टर चेहरा पाहून ती कमी-अधिक करतात. भारतातील मोठ्या शहरांत एका युनिटचा दर साधारणपणे २५० ते ५०० रुपयांच्या घरात सांगितला जातो. ३०० रुपये धरले तर ६४ युनिटांचे १९,२०० रुपये होतात. त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागला तर रक्कम २२,६५६ रुपयांवर जाते. हा परिणाम टिकतो अवघे तीन ते चार महिने. वर्षातून तीनदा इंजेक्शन घेणाऱ्यास ६८ हजारांच्या आसपास, आणि पाच वर्षे हा क्रम चालू ठेवल्यास सुमारे तीन लाख चाळीस हजार रुपये खर्च येतो. जाहिरातीतील आकडा बहुधा एका भागाचा आणि एका खेपेचा असतो.

कराविषयी थोडे सांगावयास हवे. आरोग्यसेवेला करातून सूट आहे. परंतु जन्मजात व्यंग, वाढीतील दोष किंवा अपघातातील इजा दूर करण्यासाठी नसलेली सौंदर्यशस्त्रक्रिया त्या सवलतीत बसत नाही. ही करआकारणी नवीन नव्हे, सेवाकराच्या काळात २००९ सालीच ती सुरू झाली होती. आरोग्य विमाही सौंदर्योपचाराचा खर्च उचलत नाही. सबब संपूर्ण भार ग्राहकाच्या खिशावर पडतो. वार्षिक उलाढाल मर्यादेपेक्षा कमी असलेल्या लहान चिकित्सालयांना करनोंदणी करावी लागत नाही, आणि दरांतील फरकाचे एक निरुपद्रवी कारण हेही आहे.

सर्वच कारणे इतकी निरुपद्रवी नाहीत. हे औषध कुपीत भुकटीच्या रूपात येते, त्यात क्षारजल मिसळून ते पातळ केले जाते. शंभर युनिटांच्या कुपीत अडीच मिलिलिटर क्षारजल घातले तर एक दशांश मिलिलिटरमध्ये चार युनिट येतात. पाच मिलिलिटर घातले तर दोनच. सिरिंज पाहणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसते. इंजेक्शन दीड महिन्यातच ‘उतरले’ अशी तक्रार होते, तेव्हा युनिट कमी पडले असण्याची शक्यता तपासावी लागते. शिवाय निरनिराळ्या कंपन्यांचे युनिट परस्परांशी बदलता येत नाहीत. ज्या आठ्यांसाठी बोटॉक्सचे २० युनिट लागतात, त्यासाठी डिस्पोर्ट या उत्पादनाची शिफारस ५० युनिटांची आहे. त्यामुळे नुसता प्रतियुनिट स्वस्त दर ऐकून भुलण्यात अर्थ नाही.

कालव केलेली कुपी २४ तासांत वापरावी, असे माहितीपत्रक सांगते. एकाच दिवशी अनेकांना बोलावून सवलत देण्यामागे हा साधा हिशेब असतो, आणि त्यात गैर काही नाही. गैर आहे ते उरलेले औषध दिवसेंदिवस पुरविणे, किंवा कुपीच बनावट असणे. अमेरिकेत एप्रिल २०२४ पर्यंत ११ राज्यांत २२ जणांना बनावट अथवा अयोग्य रीतीने दिलेल्या इंजेक्शनांनंतर त्रास झाला, त्यांपैकी निम्म्यांना रुग्णालयात दाखल करावे लागले. स्वस्ताईची किंमत तेथे श्वास आणि गिळण्याच्या क्रियेने मोजावी लागते.

भारतात डॉक्टरांनी आपले शुल्क दर्शनी लावावे आणि उपचारापूर्वी सांगावे, असे वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांत नमूद आहे. त्यामुळे उत्पादनाचे नाव, युनिटांची संख्या आणि कर यांचा उल्लेख असलेली पावती मागण्यात संकोच बाळगण्याचे कारण नाही. कुपी समोर उघडावी, तिचा बॅच क्रमांक पावतीवर लिहावा, ही मागणीही रास्तच. पैसे देऊन घेतलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच स्पष्ट केले होते; पण तक्रार टिकते ती कागदावर.

या कुपीच्या किमतीला आणखी एक बाजू आहे, आणि चर्चेत ती क्वचितच येते. हेच औषध सेरेब्रल पाल्सी झालेल्या मुलांच्या आखडलेल्या पायांसाठी वापरतात. प्रतिकिलो आठ युनिट या कमाल मात्रेने पंधरा किलो वजनाच्या मुलाला १२० युनिट लागतात, म्हणजे वर हिशेब केलेल्या चेहऱ्याच्या जवळजवळ दुप्पट. त्याचाही परिणाम काही महिन्यांत ओसरतो आणि इंजेक्शन पुन्हा घ्यावे लागते. चेहऱ्यासाठी आलेला माणूस पुढची खेप सहज टाळू शकतो. मुलाच्या पालकांनी ती टाळली, तर पाय पुन्हा आखडू लागतो.